कॉन्टेसाचा बूस्टर: कामाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ओंकारेश्वरला निघालो होतो. सिमरोल मागे पडलं आणि भेरूघाट लागला. मी चालवतोय, शेजारी काका, मागे आई आणि काकू. उतारावर पुढचा ट्रक हळू झाला. मी ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. दुसऱ्या वेळेला पेडल पाटासारखं कडक. तिसऱ्या वेळेला पाठ सीटला रेटून मी जवळजवळ पेडलवर उभाच राहिलो. गाडी थांबली खरी, पण ट्रकच्या फळीवरचा लिंबू-मिरची मोजता येईल इतक्या जवळ. काकू मागून म्हणाल्या, "आलं का ओंकारेश्वर?"

बडवाहपर्यंत काका गप्प. मग एकच वाक्य: "पूर्वी हिचा ब्रेक असा नव्हता."

गाडी त्यांचीच. १९९४ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ जीएलएक्स. काका पिथमपूरला हिंदुस्तान मोटर्सच्या इंजिन कारखान्यात होते. या गाडीतलं १८१७ सीसीचं इसुझू इंजिन तिथलंच, त्यामुळे बॉनेट उघडलं की ते आजही माहेरच्या माणसाला भेटल्यासारखे बघतात. गुडघे गेल्यावर त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली आणि मी पहिल्याच वर्षी इंजिनात तेज कॅम (वाल्व्हची उघडझाप करणारा दांडा) टाकला, वर दोन कार्ब्युरेटर चढवले. गाडी पळायला लागली. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

ब्रेकचं काम आता टाळायचं नाही. आजपासून गाडी घाटात जाणार नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार, रात्री

ऑफिसातून आल्यावर साध्या परीक्षा केल्या.

इंजिन बंद ठेवून पाच वेळा पेडल मारलं, पाचव्याला दाबून धरलं आणि किल्ली फिरवली. बूस्टर, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत करणारा डबा, धडधाकट असेल तर इंजिन लागताक्षणी पेडल पायाखाली थोडं खाली सरकतं. माझं सरकलं, पण जेमतेम, रुसल्यासारखं. शिवाय पेडल दाबून धरलं की आयडल (उभ्या गाडीतली इंजिनाची मंद चाल) डगमगतो आणि पायाशी बारीक फुसफुस ऐकू येते.

मग बूस्टरच्या पाइपातला एकेरी वाल्व्ह काढला. हवा इंजिनाकडे जावी, परत येऊ नये, एवढंच त्याचं काम. तोंडाने फुंकून पाहिलं तर दोन्हीकडून आरपार. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूमही निघून जातो. हा वाल्व्ह अडीचशे रुपयांना मिळतो. मी कॅमवर किती घालवले ते इथे लिहीत नाही.

शेवटी व्हॅक्यूम गेज लावला. आयडलला काटा पाऱ्याच्या १२ इंचांवर, तोही थरथरत. काकांच्या जुन्या वहीत २००९ च्या सर्व्हिसपुढे त्यांच्या अक्षरात "व्हॅक्यूम १८" असं लिहिलेलं सापडलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवाच थोडी विरळ, त्यामुळे मुंबईपेक्षा दीड-दोन इंच कमी दिसणारच. पण सहा इंच हवेने खाल्ले नाहीत, माझ्या कॅमने खाल्ले. तेज कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्टचे वाल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, आणि आयडलला मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला) ओढा, म्हणजेच व्हॅक्यूम, मरतो.

काकांना फोन केला. "कॅम काढ," म्हणाले.

१ नोव्हेंबर, शनिवार

कॅम काढणार नाही. म्हणून हिशेब.

बूस्टर म्हणजे पत्र्याचा डबा, मध्ये रबरी डायाफ्रॅम. एका बाजूला इंजिनाचा ओढा, दुसऱ्या बाजूला पेडल दाबल्यावर आत सोडलेली बाहेरची हवा. दोन्हींतल्या दाबाचा फरक गुणिले डायाफ्रॅमचं क्षेत्रफळ, एवढा जोर तुमच्या पायाच्या जोडीला येतो. माझ्या गाडीवरचा बूस्टर मूळचा नाही. काकांनी २००९ मध्येच तो बदलून घेतला होता. डायाफ्रॅम सात इंची, क्षेत्रफळ २४८ चौरस सेंटिमीटर. १८ इंच व्हॅक्यूमला चौरस सेंटिमीटरमागे ०.६२ किलो, म्हणजे मदत १५४ किलोची. १२ इंचाला तीच मदत शंभराच्या जरा वर. तिसरा हिस्सा गायब, आणि हे डबा निरोगी आहे असं धरून.

नऊ इंची डायाफ्रॅमचं क्षेत्रफळ ४१०. त्याला १२ इंच व्हॅक्यूम मिळाला तरी मदत १७० किलो. म्हणजे कॅम न काढता काकांच्या वहीतला ब्रेक परत मिळतो, वर थोडा नफाच.

विजेवर चालणाऱ्या व्हॅक्यूम पंपाचाही विचार केला. डिझेल गाड्यांना पेट्रोलसारखा थ्रॉटल (आत येणारी हवा अडवणारी झडप) नसतो, मॅनिफोल्डमध्ये ओढा नसतो, म्हणून जुन्या डिझेलांत अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असायचा. पेट्रोलला वेगळा पंप लावता येतो. पण फ्यूज उडाला किंवा तार सुटली तर? जिच्यावर घरची चार माणसं बसतात त्या गाडीचा ब्रेक मी केलेल्या वायरिंगवर सोडायला मन धजत नाही. वेगळ्या व्हॅक्यूम टाकीने साठा वाढतो, दोन-तीन दाबांपुरता. साठ्याचा ओढा मात्र १२ चा १२ च राहतो. मोठा डबा घ्यायचा, ठरलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

इंदूरच्या छावणी भागातल्या गल्लीतून एका जुन्या एसयूव्हीचा नऊ इंची बूस्टर घेतला, नवा, डब्यातला. दुकानदार सोबत त्याचाच मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ब्रेकचं तेल ढकलणारा पंप) देत होता, एक इंची बोअरचा, म्हणजे आतून एक इंच व्यासाचा. "सेट में लो भिया, सेट में ही मज़ा है." घेतला नाही. माझ्या जुन्या मास्टरचा बोअर ७/८ इंच, २२.२ मिलिमीटर, क्षेत्रफळ ३.८८ चौरस सेंटिमीटर. एक इंचीचं ५.०७. पायाचा आणि बूस्टरचा जोर तोच राहिला आणि पिस्टन मोठा झाला, तर तेलातला दाब घटतो. बूस्टरने कमावलेलं मास्टरने घालवलं असतं, वर पेडल छोटं आणि कडक लागलं असतं. बरेच जण नेमकं हेच बसवतात आणि मग म्हणतात, बूस्टर बदलून फरक नाही पडला. तासभर हुज्जत घालून त्याच पॅटर्नच्या फ्लँजचा (बूस्टरवर टेकणाऱ्या कडेचा) ७/८ चा मास्टर मिळवला.

दुपारी उस्तादांच्या गॅरेजात जुना बूस्टर उतरवला. मास्टर सुटला तसं डब्याच्या तोंडातून तेल गळालं. डबा उलटा केला तर अर्धा कप काळं ब्रेक ऑइल. मास्टरचं मागचं सील गेलेलं, तेल हळूहळू बूस्टरमध्ये झिरपत होतं आणि इंजिन ते पीत होतं. रोज सकाळी निघणारा पांढरा धूर मी वर्षभर वाल्व्ह सीलच्या नावावर खपवला होता! डायाफ्रॅम हाताला चिकट लागला, कडेने फुगलेला.

उस्ताद डब्यात डोकावून म्हणाले, "ये तो बूस्टर नहीं, अचार की बरनी है."

९ नोव्हेंबर, रविवार

नव्या बूस्टरचे बोल्ट फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) भोकांशी जुळत नाहीत. भोकं नवी पाडायची नाहीत, काकांना शब्द दिलाय. लोहामंडीतून सहा मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा पत्रा आणला, मधली प्लेट कापून घेतली. जुन्या भोकांतून प्लेट आवळायची, प्लेटवर बूस्टर. प्लेटमुळे डबा सहा मिलिमीटर पुढे गेला, म्हणून पेडलकडच्या रॉडचा काटा तेवढाच बाहेर फिरवला. आटे पुरेसे शिल्लक आहेत, मोजले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज एक मोठी चूक थोडक्यात टळली, ती सावकाश लिहितो.

गाडीचे जुने ब्रेक पाइप ३/८ इंची आट्यांच्या नटांचे. नवा मास्टर मेट्रिक, त्याची भोकं १० मिलिमीटर, दोन आट्यांतलं अंतर एक मिलिमीटर. ३/८ म्हणजे ९.५२ मिलिमीटर. म्हणजे जुना नट नव्या भोकात सहज शिरतो, फिरतो, दोन-तीन आटे धरतोही. गॅरेजातल्या पोराने तो तसाच लावला आणि पाना घातला. "बैठ गया," म्हणाला. मला नट जरा लवकर बसल्यासारखा वाटला. बोटाने हलवला तर किंचित डुलला, दुधाचा दात हलतो तसा. काढून पाहिलं तर पितळेच्या आट्यांच्या टोकांना चकाकी आलेली, फक्त टोकांनाच. जोरात ब्रेक मारला की या पाइपात शंभर बारच्या आसपास दाब जाऊ शकतो. तो नट एखाद्या दिवशी, बहुधा चौकात, सुटून बाहेर आला असता.

पोराला रागावलो नाही, मीही घाईत लावला असता. मास्टरचे आटे तपासले, शाबूत होते. दोन्ही पाइपांची टोकं कापली, मेट्रिक नट सरकवले आणि नव्या मास्टरच्या भोकाच्या तळाला जुळेल असा फ्लेअर (पाइपाच्या टोकाचा फुगवलेला आकार) मारून घेतला. जुन्या पाइपांचा फ्लेअर आत दुमडलेला, नव्याला गोल बोंडासारखा लागतो. नट जुळला आणि फ्लेअर चुकला तरी तेल गळणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्याचा दिवस. आधी मास्टर वाइसमध्ये धरून, त्याच्या भोकांतून नळ्या परत त्याच्या तेलाच्या टाकीत सोडून पिस्टन सावकाश ढकलत राहिलो, बुडबुडे थांबेपर्यंत. ही पायरी चुकवली की चाकाशी कितीही हवा काढा, पेडल स्पंजच राहतं.

डॉट ४ चं नवं कॅन फोडलं. जुनं तेल कोऱ्या चहाच्या रंगाचं निघालं. हे तेल हवेतली ओल पितं. कोरं असताना २३० अंशांना उकळतं, ओल पिऊन बसलं की १५५ लाच उकळायची पाळी येते, आणि घाटात तापलेल्या चाकाशी तेवढं तापमान होतं. अर्धं उरलेलं कॅन पुढच्या वर्षासाठी ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांत मीही होतो.

काका खुर्ची टाकून बसले होते, मग न राहवून ड्रायव्हरच्या सीटवर गेले. मी खाली चाकाच्या हवा काढायच्या निप्पलशी. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं, मास्टरपासून लांबून जवळ. "दाबा." "दाबलं." "धरा." "धरलंय रे, सोडतोय कुठे!" गुडघा दुखत असणार, पण चारही चाकं त्यांनीच पुरी केली. फेंडरवर चार थेंब सांडले, लगेच पाण्याने धुतले. ब्रेक ऑइल रंगाला पेंट रिमूव्हरसारखं खातं.

इंजिन लावलं. पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. उस्ताद म्हणाले, "मक्खन." गल्लीत एक फेरी मारली. जुन्या सवयीने पाय ठेवला आणि मी आणि काका दोघांनी डॅशबोर्डला नमस्कार घातला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मक्खन वितळलं.

लोकमान्य नगरहून एबी रोडने महूकडे निघालो, सोबत काका. राजेंद्र नगरपर्यंत उत्तम. पुढे गाडी जड वाटायला लागली, चौथ्यात ओढेना. मला वाटलं, कार्ब. राऊच्या अलीकडे जळका वास आला. काका म्हणाले, "बाजूला घे."

पुढच्या चाकावर बाटलीतलं पाणी शिंपडलं तर चुर्र झालं, पोह्यांच्या फोडणीसारखं. जॅक लावून चाक फिरवून पाहिलं, हलत नाही. पाय पेडलवर नाही, तरी ब्रेक लागलेला.

मी कॅलिपर (चाकाशी ब्रेक आवळणारा चिमटा) खोलायला निघालो होतो. काकांनी थांबवलं. "चारही एकदम धरलेत. चार चाकांचे ब्रेक एकाच दिवशी आजारी पडत नाहीत. वर बघ." मास्टरला बूस्टरवर धरणारे दोन नट दीड-दीड आटा सैल केले. मास्टर दीड मिलिमीटर पुढे सरकला, टाकीतल्या तेलात छोटी उसळी आली आणि चाक फिरलं.

कारण समजायला रस्त्याकडेचा चहा पुरला. बूस्टरच्या पुढच्या टोकातून निघणारा रॉड मास्टरच्या पिस्टनला ढकलतो. पेडल सुटलेलं असताना दोघांत किंचित फट हवी. माझा रॉड लांब होता, पिस्टन कायम थोडा दाबलेला, त्यामुळे मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र झाकलेलं. तेल तापून फुगलं, टाकीत परत जायला वाट नाही, फुगलेल्या तेलाने ब्रेक लावले. ब्रेक लागले म्हणून तेल आणखी तापलं. गल्लीतल्या फेरीत हे कळायचं कारणच नव्हतं, तेल तेवढं तापलंच नव्हतं.

दोन्ही स्टडवर एकेक वॉशर घालून नट आवळले आणि तिशीच्या वेगाने, फुसफुसत घरी आलो.

२३ नोव्हेंबर, रविवार

वॉशर काढले. मुलीच्या डब्यातून निळ्या मातीचा गोळा उसना घेतला, खेळण्यातली मऊ माती. गोळा मास्टरच्या पिस्टनच्या खळग्यात ठेवला, मास्टर बूस्टरवर आवळला, परत सोडला. रॉडचं टोक मातीतून आरपार गेलेलं, खाली धातू चमकत होता. फट शून्यापेक्षा कमी. रॉडच्या टोकाचा बोल्ट पकडीने धरून आत घेतला. परत माती, परत आवळा, परत सोडा. पाचव्या खेपेला मातीचा पापुद्रा राहिला. ब्लेडने उचलून व्हर्नियरमध्ये धरला, ०.७ मिलिमीटर. अर्धा ते एक मिलिमीटर असं पाहिजेच होतं. फट जास्त झाली असती तर पेडलचा पहिला भाग नुसता पोकळ गेला असता.

मुलगी तिची माती परत मागायला आली. तिला ब्रेक ऑइलचा वास आला. नवी घेऊन द्यावी लागणार.

३० नोव्हेंबर, रविवार

खरी परीक्षा. महूवरून जाम गेट, अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला तो घाटमाथ्यावरचा दरवाजा, आणि तिथून खाली निमाडात. इंजिनापासून वाल्व्हच्या अलीकडे टी-जोड टाकून गेजची नळी केबिनमध्ये आणली आणि गेज काकांच्या हातात दिला.

दरवाज्यापाशी थांबलो. धुकं, भुट्टेवाला. काकांनी चारही चाकांना हात लावून पाहिला, कोमट. मग उतार.

तिसऱ्या गिअरला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला. काका आकडे सांगत होते: "एकोणीस. वीस. एकवीस." मला वाटलं चष्मा चुकला. माझ्या तेज कॅमसकट २१ इंच! उतारावर चाकं इंजिनाला फिरवतात, थ्रॉटल बंद, पिस्टन ओढत राहतात आणि हवेला आत यायला वाट नाही, म्हणून ओढा वाढतो. ब्रेकही तसाच लागत होता, बोटभर पायाने.

"आता न्यूट्रल कर," काका म्हणाले. सरळ रस्ता पाहून केलं. इंजिन आयडलला आलं, काटा धपकन १२ वर.

"भेरूघाटात गाडी न्यूट्रलला होती," काका म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

होती. पेट्रोल वाचवायचं म्हणून घाटात न्यूट्रल टाकायची माझी कॉलेजपासूनची सवय. आयडलचा मेलेला ओढा, गळका वाल्व्ह, तेल प्यालेला डायाफ्रॅम आणि इंजिनाचा ब्रेक मी स्वतःच काढून घेतलेला.

"तेव्हाच का नाही बोललात?"

"मागे तुझी काकू बसली होती."

मंडलेश्वरपर्यंत गिअरमध्येच गेलो. येताना महूच्या गर्दीत, थांबत-सरकत, आयडलवर दहा-बारा वेळा ब्रेक लागला असेल, पेडल एकदाही कडक झालं नाही. नऊ इंची डब्याची कमाई तिथे दिसली. कोरड्या रस्त्यावर साठच्या वेगावरून थांबायला लागणारं अंतर मात्र पूर्वीइतकंच आहे, दोनदा मोजलं. ते टायर ठरवतात. बदलला तो पायाचा जोर.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी गाडी लागली नाही. बॅटरी ठार.

शेजारचे बँकवाले जोशी काका फिरायला निघाले होते, म्हणाले, "रात्रभर तुमचे मागचे लाल दिवे चालू होते. मला वाटलं, हल्ली तशी फॅशन आहे."

पेडलचा काटा सहा मिलिमीटर फिरवला, पण पेडलच्या वर बसलेल्या ब्रेकलाइटच्या स्विचकडे कुणी पाहिलंच नव्हतं. पेडल किंचित खाली बसतंय, स्विचला वाटतंय पाय ठेवलेलाच आहे. काल जाम घाटात माझ्यामागचे सगळे शिव्या घालत असणार.

डॅशबोर्डखाली उताणा शिरलो, स्विचचा लॉक नट सैल केला, दोन आटे पुढे. दिवे विझले. काकांनी मागे उभं राहून तीनदा खात्री केली. मग दोघांनी ढकलून दुसऱ्यात सुरू केली. ऑफिसला पाऊण तास उशीर.